ड्रोन तर रेषेवरच होता

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी नाही. आमच्याकडे पोलादपूरला कुणाला काही दिसलं म्हटलं की मी सगळ्यात आधी विचारायची, "चष्म्याचा नंबर तपासलाय का?" त्यामुळे हे लिहायला मलाच अवघड जातंय. पण त्या दिवशी मी एकटी नव्हते, एवढं लक्षात ठेवून वाचा.

मी ड्रोन पायलट आहे. रीतसर ट्रेनिंग घेतलंय, सरकारी परवाना आहे. परवाना हातात आला तेव्हा वाटलं, आता मुंबईत कामाला तोटा नाही. घणसोलीला आत्येभाऊ राहतो, त्याच्याकडे बॅग टाकली आणि फिरायला लागले... लग्नाचे फोटोवाले, बिल्डर, सर्व्हे कंपन्या. पहिला प्रश्न ठरलेला — "स्वतःचा ड्रोन आहे का?" नाही म्हटलं की चहा यायच्या आधीच बोलणं संपायचं. दुसरा प्रश्न अनुभवाचा. अनुभव कामाशिवाय कुठून आणायचा, हे कुणी सांगत नव्हतं. एका साइटवर तर माझ्याच हातात भाड्याने आणलेल्या ड्रोनची पेटी असताना मॅनेजरने विचारलं, "मॅडम, पायलट कधी येणार?"

शेवटी महापेच्या एका सर्व्हे कंपनीने ट्रायल द्यायचं कबूल केलं. रस्त्यालगतच्या एका डोंगराला पावसाळ्यात भेगा पडल्या होत्या, त्याचा वरून नकाशा करायचा होता. काम नीट झालं तर मुंबईत कायमची नोकरी. जागा कुठली, तर आमच्या पोलादपूरजवळच्या उमरठच्या पुढे! माझी वाडी त्याच डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, पार वर. मला हसूच आलं. पोटासाठी मुंबईला गेले आणि मुंबईने मला परत गावाला पाठवलं.

सोबत कंपनीचे रानडे सर होते. पुण्याचे, मोजकं बोलणारे. दिवाळीच्या आधीचे दिवस, खाली भातकापणी चालली होती. सकाळी कोवळं ऊन, वारा अजिबात नाही. रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेतून ड्रोन उडवला. अशा कामात ड्रोन आधी आखून दिलेल्या रेषांवरून आपोआप जातो-येतो आणि फोटो काढत राहतो. आपण फक्त लक्ष ठेवायचं. हातातल्या स्क्रीनवर खालचा डोंगर दिसत होता — लाल माती, भेगा, वाळायला लागलेलं गवत.

आणि मध्येच चित्र बदललं.

स्क्रीनवर कौलं दिसली. मग गोठा, गोठ्यामागचा फणस... ती आमची वाडी होती.

"सर, ड्रोन लाइन सोडून गेला!"

"कुठे गेला?" सर वर बघत म्हणाले. "तो काय समोर."

मी मान वर केली. खरंच, ड्रोन समोर आकाशात होता. आखलेल्या रेषेवरून शांतपणे चाललेला. स्क्रीनवरच्या नकाशातही त्याची खूण बरोबर जागेवर. फक्त चित्र तिथलं नव्हतं. मधे सगळा डोंगर आडवा, त्याच्या पलीकडचं काही दिसणं शक्यच नव्हतं. मी पॉझ दाबलं. वरचा ड्रोन जागच्या जागी थांबला.

चित्र मात्र पुढे सरकतच राहिलं.

सर माझ्या खांद्यापाशी येऊन उभे राहिले. वाडी मागे पडली, करवंदीची जाळी आली, तिच्या खालचा कडा आला. कड्याच्या पोटात एक अरुंद कातळ आहे, जेमतेम माणूस टेकेल एवढा. त्यावर कुणीतरी पडलेलं होतं. हिरवं लुगडं, काष्टा. बाजूला विळा चमकत होता.

"आत्या..."

माझी थोरली आत्या. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. घणसोलीतल्या भावाची ती आई, वर वाडीत दोन म्हशी घेऊन एकटी राहते. गवत कापायला गेली असणार आणि पाय घसरला असणार. ती उठायची धडपड करत होती. हात कातळावर चाचपडत होता, आणि ज्या बाजूला ती सरकत होती त्या बाजूला खाली दरी होती. वरून मला ते स्पष्ट दिसत होतं. तिला दिसत नव्हतं.

मधे अख्खा डोंगर, ओरडून उपयोग नव्हता. स्क्रीनकडे बघत मी नुसती पुटपुटले, "आत्या, हलू नको गो. मागं सरक. मागं."

ती थबकली.

मग तिने मान वर केली आणि सरळ आमच्याकडे बघितलं. सरळ डोळ्यांत. रानडे सरांनी माझा दंड एवढा घट्ट धरला की नंतर वळ उठला. आत्या हळूहळू मागे सरकली, पाठ खडकाला टेकवून बसली... आणि चित्र गेलं. स्क्रीनवर पुन्हा लाल माती, भेगा, गवत.

मी बाळूकाकांना फोन लावला. ते आमच्या शेजारचे. खालच्या शेतात होते म्हणून रेंज मिळाली, नाहीतर वाडीत फोन लागत नाही.

"काका, आत्या करवंदीखालच्या कड्यात पडलीय! दोर घेऊन जा!"

"आता सकाळीच तर बोलली माझ्याशी. तुला कोण बोलला?"

"काका, आधी जा!"

सर म्हणाले, "ड्रोन उतरव. गाडीत बस." कामाचं नावही काढलं नाही. वाडीपर्यंत कच्चा रस्ता आहे, त्यावर त्यांनी गाडी अशी हाणली की माझं डोकं दोनदा टपाला आपटलं. मनात एकच... तिथे कुणीच नसू दे. मला भास झालेला असू दे. माझी नोकरी गेली तरी चालेल.

आम्ही पोचलो तेव्हा चार माणसं दोर ओढत होती. दोराला आत्या होती. पाय सुजलेला, कोपरं सोललेली, पण जिवंत. बाळूकाका घामाने निथळत माझ्याकडे बघत राहिले. "बरोबर तू बोललीस तिथंच व्हती," एवढंच म्हणाले.

तिला महाडला दवाखान्यात नेलं. प्लास्टर होईपर्यंत बाहेर बाकावर बसून सरांनी ड्रोनमधले सगळे फोटो लॅपटॉपवर बघितले. एकूण एक फोटो त्या भेगांच्या डोंगराचे. वाडी नाही, कडा नाही, आत्या नाही. त्यांनी लॅपटॉप मिटला आणि मला विचारलं, "तुम्हीही बघितलंत ना?" मी हो म्हटलं. सकाळपासून ते मला 'तू' म्हणत होते.

राहिलेलं काम आम्ही दुसऱ्या दिवशी पुरं केलं. काहीही वेगळं घडलं नाही. नोकरी मिळाली. आता ठाण्याकडे उंच इमारतींच्या भिंती तपासायला ड्रोन उडवते. रानडे सर त्या दिवसाबद्दल बोलत नाहीत. मात्र ऑफिसात भेटले की विचारतात, "आत्या बऱ्या आहेत ना?" सिग्नलची गडबड म्हणावी तर दुसरा ड्रोन तिथे हवा. तो कुणाचा? आणि नसलेल्या ड्रोनचं चित्र आमच्या स्क्रीनवर कसं? अनुभवी लोकांना विचारून झालं.

पण मला झोपू देत नाही ते वेगळंच आहे. दवाखान्यात आत्या शुद्धीत, पूर्ण भानावर होती. मी तिचा हात हातात घेतला तर माझ्यावरच डाफरली, "काय गो, एवढ्या जोरात वरडायला मी काय बहिरी हाय? कान फुटला माझा."

मी म्हटलं, "आत्या, तू वर बघितलंस तेव्हा तुला मशीन दिसलं का? पंख्याचं?"

"कसला मशीन? वर काय नव्हता."

"मग बघत कुणाकडे होतीस?"

ती माझ्याकडे बघत राहिली, मला वेड लागलंय की काय अशी.

"तुझ्याकडं," ती म्हणाली. "वाकून उभी व्हतीस की कड्यावर."