बाबांच्या जास्वंदी आणि माझी कात्री

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. रविवारची सकाळ, वारज्यातला आमचा सहावा मजला... आणि गॅलरीत नवीकोरी कात्री घेऊन उभी असलेली मी. समोर बाबांच्या नऊ जास्वंदी.

बाबा म्हणजे माझे सासरे. सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी ही झाडं वाढवली... मोठ्या कुंड्यांत, एकाच खोडावर, वर छत्रीसारखा डेरा. एकदा मी हौसेने पाणी घातलं तर म्हणाले, "प्रज्ञा, पोहायला शिकवतेस का त्यांना?" तेव्हापासून मी लांबूनच बघायचे.

सप्टेंबरात बाबांना स्ट्रोक आला. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. समजायचं सगळं, पण तोंडातून शब्द फुटेना... सासूबाई आता नाहीत, नवरा सुमेध प्रोजेक्टसाठी जर्मनीत. मी कंपनीकडून घरून काम मागून घेतलं.

आठवड्यातून दोनदा स्पीच थेरपिस्ट ताई यायच्या. कप, किल्ली, गाय अशी चित्रांची कार्डं समोर धरायच्या. बाबा भिंतीकडे तोंड फिरवायचे. आयुष्यभर फायलींवर शेरे मारलेल्या माणसाला गाय दाखवायची... मलाच कसंतरी व्हायचं.

एकदा निघताना ताई दारात हळूच म्हणाल्या, "त्यांना बोलावंसंच वाटत नाहीये हो. त्याला माझ्याकडे कार्ड नाही."

त्यात थंडी पडली. जास्वंदींची पानं पिवळी पडून गळायला लागली, कळ्या उमलायच्या आधीच खाली, फांद्यांवर कापसासारखी पांढरी कीड. मी घाबरून रोज पाणी घालत होते... तरी अजूनच बिघडत होतं. बोलणं गेलं, आता झाडंही जाणार आणि तीही माझ्या हातून, एवढंच डोक्यात.

इंटरनेटवर शोधलं, तर सगळे व्हिडिओ बर्फ पडणाऱ्या देशांतले. त्यांचं म्हणणं एकच, थंडी आली की झाडं घरात घ्या आणि फांद्या छाटून टाका. म्हणून ती कात्री.

बाबांना उन्हासाठी खुर्चीत बसवून गॅलरीच्या दारात आणलं होतं. मी पहिली फांदी कापली. दुसरी कापली. तिसरीला हात घातला आणि मागून खाकरल्यासारखा आवाज आला...

"फे... फेब्रुवारी!"

वळून बघितलं. बाबांचा चेहरा लाल, डावा हात माझ्या कात्रीकडे रोखलेला.

"काय म्हणालात, बाबा?"

"फेब्रुवारी!" या वेळी अगदी स्वच्छ. आणि वर, "नाही... नाही!"

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. छाटणी फेब्रुवारीत, थंडी सरल्यावर. आत्ता नाही! तीन महिन्यांनी बाबा बोलले होते, आणि ते मला रागावायला.

मी तिथेच फरशीवर बसून रडायला लागले. बाबांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं... ते कापलेल्या फांद्यांकडे बघत होते.

रडून झाल्यावर विचारलं, "मग आता काय करू?"

खूप वेळ गेला. ओठ हलत होते, आवाज नव्हता. मग आलं, "ऊन."

"आणि पाणी?"

"कमी."

मी नऊच्या नऊ कुंड्या ओढत उन्हाच्या बाजूला नेल्या. मंगळवारी ताई आल्या, ऐकलं, आणि कार्डं पिशवीतून काढलीच नाहीत. त्यांचा वर्ग त्या दिवसापासून गॅलरीत भरायला लागला.

सगळं सुरळीत झालं असं नाही हं. झारीला बाबा 'चष्मा' म्हणायचे, चुकलं हे त्यांना कळायचं आणि मग दोन दोन दिवस गप्प. किडीवर काय मारायचं हे सांगायला अख्खी सकाळ गेली... शेवटी 'साबण' आला. मी साबणाच्या पाण्याने एकेक फांदी पुसून काढली. तरी दोन झाडं गेलीच.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात उरलेल्या सातांची छाटणी केली. कुठे कापायचं ते बाबा डाव्या हाताने दाखवत होते. "वर... अजून वर... हां." पंधरा दिवसांत प्रत्येक फांदीला कोवळी, तांबूस फूट आली.

परवा सुमेधचा फोन आला. रोजच्यासारखा मी बाबांच्या कानाला लावला. एरवी ते नुसतं ऐकायचे. परवा म्हणाले, "सुमेध... बरा आहे मी. तू जेवलास?"



डॉक्टर म्हणतात, अजून वर्षभर तरी लागेल. लागू दे. कुणाच्या घरी असं गप्प झालेलं माणूस असेल, तर त्याचं आवडतं काम त्याच्यासमोर करायला घ्या. येत नसलं तरी घ्या... मला येत नव्हतं, हेच बरं झालं.