वसंताची पकड

सुनंदा, अशी जवळ ये आणि ऐकून घे. तुझ्या सरांच्या पुण्यानुमोदनाला भिगवणहून आलीस, दारातच डोळ्याला पदर लावलास अन् एसटी चुकेल म्हणून निघालीस. असं वागतात का गं? घोटभर चहा तरी घ्यायचास. आता पेपरच्या पुरवणीतून बोलावं लागतंय मला.

त्या दिवशी सकाळी छातीत दुखतंय म्हणून माझा भाऊ, तुझा सर, स्वतःच एसटीत बसून बारामतीच्या दवाखान्यात गेला होता. संध्याकाळच्या सरावाला येतो म्हणाला... दुपारी निरोपच आला.

वाचणाऱ्यांसाठी सांगते, वसंता कबड्डीचा सहायक प्रशिक्षक, अन् सुनंदा त्याच्या हाताखाली खेळलेली, आता भिगवणला सासरी. गुडघा गेला, खेळ सुटला, तेव्हापासून सहायकच. आधी बारामतीच्या कॉलेजात, मग इंदापूरला, शेवटी आमच्या अंथुर्ण्याच्या शाळेतल्या पोरींबरोबर. मुख्य सर बदलायचे. कुठली पोरगी डावीकडून कच्ची, कुणाचा बाप तापट, हे नव्या सरांना वसंताच समजावून द्यायचा. मी चिडायचे. "आरं, तू कवा मोठा सर व्हनार?" तर म्हणायचा, "मोठ्या सरास्नी मीटिंगा असत्यात, अक्का. पोरींना घरी पोचवायचं कुणी?"

पकड शिकवायची म्हणजे अडचणच. पोरी एकमेकींना हलक्या हातानं धरायच्या, मैत्रिणीला लागेल म्हणून. यानं स्वतः चढाई करावी तर गावात बोभाटा. पोरींच्या वडलांना त्यानं शब्दच दिलेला, अंगाला हात लावणार नाही. रेषेबाहेर हात मागं बांधून उभा राहायचा, तोंडानं सांगायचा. एक दिवस मलाच म्हणाला, "अक्का, पदर खोच. तू कर चढाई." माझं वजन तू बघितलंयस. मधल्या रेषेवरच निम्मा दम संपायचा. तू घोटा धरलास, मी पालथी पडले अन् रडायला लागलीस तूच.

"आत्या, लागलं का वो?"

हा बाहेरून म्हणतो, "रडायचं मागनं. घोटा सुटला का? न्हाय ना? झ्याक. अक्का, उठू नगं, बाकीच्यांना बघू दी."

मातीत तोंड घालून मी हसत पडले होते...

यंदा बारामतीहून मुख्य प्रशिक्षक म्हणून विचारणा आली. इतक्या वर्षांनी. मी साखर वाटायला निघाले तर म्हणाला, "थांब. हितल्या पोरी कुणाच्या हाती द्यायच्या ते आधी ठरू दी."

"कुणाच्या?"

"सुनंदाच्या. ऐतवारी भिगवणला जाऊन इचारतो."

तो ऐतवार त्याला मिळाला नाही, बाई.

शाळेनं नवा मास्तर दिलाय, गुणी आहे बिचारा. पण आईबाप म्हणतात, वसंत सरांची गोष्ट येगळी होती. पोरी घरी बसल्यात. दोघींना तर स्थळं बघायला लागलेत.

ऊन कललं की मी मैदानावर पाणी मारून येते. रोजची त्याची सवय, धूळ बसावी म्हणून. खेळायला कुणी नसतं. तरी मारते... कोरडं मैदान बघवत नाही.

त्यानं विचारायचं होतं, ते आता मी विचारतेय. सासऱ्यांना सांग, आत्यानं माहेरपणाला बोलावलंय, खुशाल माझं नाव घे. जावईबापूंनाही आण. येताना तिकडची मासळी आणा, कालवण मी करते. पोरींना अजून काही बोलले नाही, तू आलीस की दोघी मिळून त्यांच्या घरी जाऊ. लवकर ये.