नको नावाचं फोल्डर

तीस वर्षं मी साखर कारखान्याच्या स्टोअरला काढली. बेअरिंग असो, पट्टा असो की अर्ध्या इंचाचा नट, कुणीही येऊन मागावं आणि मी जागेवरून न उठता रॅक सांगावा, असा माझा लौकिक होता. "ह्यांच्या स्टोअरमधी वस्तूला हरवायचं आसंल तर अर्ज करावा लागतो," असं फिटर लोक म्हणायचे. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू?

आणि देवानं बायको दिली ती कशी, तर जिची कात्री पिठाच्या डब्यावर, चष्मा देव्हाऱ्यात आणि लाईटबिल कुकरखाली. बरं, तिला सगळं सापडायचं. मी आरडाओरडा करायचो, ती हात पुसत यायची, कुकर उचलायची आणि बिल माझ्या हातात ठेवायची. "हे काय, हितंच तर हाय." वर मलाच विचारायची, "एवढं वरडायला काय झालं?"

तिला फोटोंचा भारी नाद. पोरगी नोकरीला पुण्याला गेली तेव्हा तिनं आईला मोबाईल घेऊन दिला आणि घरात एक जुना कॉम्प्युटर आणून ठेवला. मोबाईल वायरनं जोडायचा, फोटो उतरवायचे, नवीन फोल्डर करायचं, त्याला नाव द्यायचं, एवढं ती शिकली. सातवी शिकलेली बाई, पण महिन्यातून एकदा दुपारी पदर खोचून अशी बसायची की तालुक्याच्या कचेरीत कामाला आहे म्हणावं. मी त्या यंत्राला हात लावत नव्हतो. मला फोटोचा कंटाळाच होता. माझ्यासमोर कुणी मोबाईल धरला की माझा हात आपोआप आडवा जायचा. लेकीच्या लग्नात उभा राहिलो तेवढाच. त्या फोटोंत मी फेटा बांधून आणि ती शालू नेसून उभी आहे, पण आमच्या मध्ये कायम कुणी ना कुणी पाहुणा आहेच.

दवाखान्यातल्या शेवटच्या आठवड्यात एकदा तिनं उशीखालून मोबाईल काढला. "दोगांचा एक काढू," म्हणाली. मला तिचा तो सुकलेला चेहरा फोटोत बघवणार नव्हता. मी म्हणालो, "ह्या अवतारात? बरी हो, मग घरी काढू."

ती हसली. "घरातला हाय माज्याकडं एक. दोगांचाच. तुमाला न्हाई घावायचा."

"मला? स्टोअर कीपरला?"

"स्टोअर कीपरलाच न्हाई घावायचा."

चार दिवसांनी ती गेली. मला वाटलं होतं, घरी आली की विचारू कुठला फोटो ते.

वर्षभर मी कॉम्प्युटरवरचं कापडसुद्धा काढलं नाही. मग एक दिवस लेकीचा फोन आला. म्हणाली, "पप्पा, आई म्हणायची तो फोटो शोधा ना. मला माझ्या घरात लावायचाय." मी म्हणालो, त्यात काय, आत्ता शोधतो. कापड काढलं, यंत्र सुरू केलं आणि कपाळावर हात मारला.

फोल्डरांची नावं बघा. 'आलीच'. 'लई झालं'. 'कुणाची ही'. 'बस खाली'. 'येऊ का'. 'नको'. तारीख नाही, गाव नाही, माणूस नाही. याला काय नाव म्हणतात? अहो, भंगारवालासुद्धा लोखंड आणि पत्रा वेगळा ठेवतो! मी मोकळ्या घरात मोठ्यांदा बोललो, "अगं, हे काय करून ठेवलंयस तू?"

पुढच्या खेपेला लेक आली आणि तिनं फोटोंची व्यवस्था लावायचा एक प्रोग्राम घालून दिला. स्टोअरमध्ये कुठल्या कप्प्यात काय आहे ते लिहायचं आमचं बिनकार्ड असायचं, तसंच काम त्याचं. फोटो कुठल्या दिवशीचा ते तो आपणहून ओळखतो, एकच फोटो दोनदा असला तर सांगतो, आपण चिठ्ठ्या लावायच्या: गाव, प्रसंग, माणूस. सगळ्यात नवल म्हणजे तो चेहरे गोळा करतो. एकेका चेहऱ्याभोवती गोल काढून विचारतो, हा कोण? एकदा सांगितलं की पुढं स्वतःच विचारतो, हाच का तो? मग एक नाव टाका, दोन टाका, त्या माणसांचे फोटो समोर हजर. मला हे यंत्र लई पटलं. म्हटलं, कारखान्यात असताना हे का नव्हतं?

रोज सकाळचा चहा झाला की मी बसायचो. शेजारी जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर. डाव्या रकान्यात तिनं दिलेलं नाव, उजव्यात मी दिलेलं. 'आलीच' खोडून 'डिंभे, प्रवास'. 'लई झालं' खोडून 'टोमॅटो तोडणी'. 'बस खाली' खोडून 'लेण्याद्री, दर्शन'. त्या लेण्याद्रीच्या फोटोंत प्रोग्रामनं एका माकडाभोवती गोल काढला आणि माझं नाव घालून विचारलं, हेच का ते? मी 'नाही' दाबलं. पुढच्या फोटोला परत तेच. ती असती तर महिनाभर हा विषय पुरवला असता तिनं. गावभर सांगितलं असतं, पाव्हण्यारावळ्यांना फोन लावले असते.

'नको' हे एकच फोल्डर मला शहाण्यासारखं वाटलं. टाकाऊ फोटो तरी बाजूला काढलेत बाईनं, म्हटलं. खात्रीला दोन उघडून पाहिले. एकात नुसता काळोख. दुसऱ्यात कुणाचा तरी हललेला, धूसर पंजा, सगळा फोटो व्यापून. पुढं बघायची गरजच नव्हती. पण स्टोअरची एक शिस्त माझ्या अंगात मुरलेली आहे: भंगार लगेच गेटबाहेर जाऊ द्यायचं नाही. महिनाभर यार्डात पडू द्यायचं, कारण काढून टाकलं की हटकून कुणीतरी तेच मागायला येतं. म्हणून मी 'भंगार' नावाची जागा केली, 'नको' त्यात टाकलं, प्रोग्रामला सांगितलं की इकडं बघायचं नाही, आणि कागदावर महिन्यानंतरचा रविवार लिहून कागद भिंतीला चिकटवला.

महिन्यात सगळं काम संपलं. रॅक लागले, चिठ्ठ्या लागल्या. मग मी प्रोग्रामला आमची दोघांची नावं एकत्र टाकून विचारलं. लग्नातले फोटो आले. मध्ये पाहुणे असलेले. घरातला एकही नाही. परत विचारलं, परत तेच. एकेक वर्ष हातानं काढून बघितलं. तिचे फोटो थोडेच होते, कारण मोबाईल तिच्याच हातात. माझे तर नव्हतेच, आणि त्याला कारण मी. मनात यायला लागलं, दवाखान्यात ती तापात बोलली असेल. मला बरं वाटावं म्हणून बोलली असेल. त्या आठवड्यात मी जेवताना दोनदा उठून परत यंत्रासमोर बसलो. मला तो फोटो लेकीसाठी नको होता, मला हवा होता. तिनं मागितला तेव्हा मी दिला नव्हता, आणि नसलाच तर आता कुठून आणणार होतो?

तो रविवार उजाडला. त्याच सकाळी माझा मेहुणा आला. बायकोचा धाकटा भाऊ. आमच्या घरातली मेंढरं माझ्या आज्यापाशीच संपली, पण याच्याकडं अजून मेंढरांचा वाडा आहे. कांदा निघाला की खतासाठी तो दोन-चार दिवस आमच्या रानात मेंढरं बसवतो. मेंढरं रानात लावून तो चहाला घरात आला. मी यंत्रासमोर होतो, 'भंगार' उघडून. पुसायचं बटण दाबायच्या आधी म्हटलं, पाव्हण्याला चार फोटो दाखवावेत.

'डिंभे, प्रवास' उघडलं. धरणाकडून परत येताना आम्ही दोघं आणि हा मेहुणा असे तिघं एसटीची वाट बघत बसलो होतो ते फोटो. रिकामा रस्ता, पिशवीतले मासे, परत रिकामा रस्ता. मेहुणा बघता बघता खो खो हसायला लागला.

"आलीच! आलीच!" तो म्हणाला.

"काय म्हणालास?"

"अवो दाजी, इसरलात व्हय? त्यो टपरीवाला! दोन तास झालं यष्टीचा पत्ता न्हाई, आन् त्यो आपला दर चहाला म्हनतोय, आलीच, आलीच. आक्का हसून हसून मेली व्हती."

मी रजिस्टर ओढलं. डावा रकाना: आलीच. खाली 'लई झालं'. हे कोण म्हणालं होतं? मला ऐकू आलं: टोमॅटोच्या शेवटच्या कॅरेटवर बसकण मारून ती स्वतःच म्हणाली होती. 'बस खाली': लेण्याद्रीच्या पायऱ्यांवर लेक माकडाला दटावत होती. 'येऊ का': हे लेक सासरी निघाली त्या सकाळचे फोटो. मी त्याला 'पाठवणी' अशी चिठ्ठी लावून टाकली होती. तिनं नावंच दिली नव्हती. त्या वेळी जे कुणी बोललं, ते लिहून ठेवलं होतं. फोटोत आवाज येत नाही, म्हणून वर लिहिला होता. आणि मी महिनाभर बसून तो एकेक खोडत आलो होतो.

"आन् हे 'नको' कुनाचं?" मेहुण्यानं पडद्यावर बोट ठेवलं. मग माझ्याकडं बघितलं. "दाजी, नको नको आमच्यात कोन म्हनतं? तुमीच की वो."

माझा हात माऊसवर होता, तो मी उचलून मांडीवर ठेवला. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते आणखी काय असतं?

मग 'नको' भंगारातून काढून प्रोग्रामच्या हवाली केलं. तो गोल काढत निघाला. हा कोण? हेच का ते? हो. हो. हो. ओट्यावर पेपर वाचताना मी. भाकरीचा घास तोंडात असताना मी. कांद्याच्या वाफ्यात पाठमोरा मी. लेण्याद्रीच्या अर्ध्या वाटेवर कमरेवर हात ठेवून धापा टाकणारा मी. उताणा झोपलेला मी, तोंड उघडं. आणि दर दोन-तीन फोटोंनंतर तो पंजा. माझाच पंजा! स्वतःचा हात मला ओळखता आला नव्हता. किती वर्षं तिनं समोर मोबाईल धरला, किती वर्षं मी तो हात आडवा केला, आणि तिनं त्या हाताचे फोटोसुद्धा पुसले नाहीत.

मग एका फोटोवर प्रोग्रामनं दोन गोल काढले.

लेकीच्या साखरपुड्याच्या सकाळचा फोटो. मी बनियनवर कपाटाच्या आरशासमोर उभा, मिशीला कलप लावतोय. एक बाजू काळी कुळकुळीत, दुसरी पांढरी. आरशात ती मागं दारात दिसल्यावर मी ब्रशासकट हात वर केलाय, तोंड उघडं आहे, शब्द निम्मा बाहेर पडलाय. आणि त्याच आरशात, माझ्या खांद्यामागं, ती. साधी गुलबाशी साडी, केस अजून ओले, मोबाईल छातीशी धरलेला. ती मोबाईलकडं बघत नव्हती, आरशातल्या माझ्याकडं बघत होती. त्या अर्ध्या मिशीच्या, बनियनमधल्या, खेकसणाऱ्या माणसाकडं ती अशी बघत होती की मला लाज वाटली. इतकं कुणी माझ्याकडं बघत होतं आणि मी कलप बघत होतो.

मी रडलो. मेहुण्यासमोर, आवाज काढून. तो माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "मेंढरं बघून येतो," आणि बाहेर गेला. मेंढरांजवळ त्याचा पोरगा आणि दोन कुत्री होती, त्यांना बघायची काही गरज नव्हती.

प्रोग्राम अजून विचारत होता, हीच का ती? मी 'हो' दाबलं. मग रजिस्टर घेऊन उजवा रकाना उभा खोडला आणि डाव्यातली नावं एकेक करून परत यंत्रात घातली. संध्याकाळ झाली त्याला. लेकीला फोटो पाठवला.

दुसऱ्या दिवशी मी मंचरला गेलो. दोन मोठ्या प्रती काढायच्या होत्या, एक लेकीला, एक मला. स्टुडिओवाल्यानं फोटो पडद्यावर मोठा केला आणि मान तिरकी करून पाहिला. माझ्याच वयाचा, भला माणूस.

"भाऊ, ह्यो हात मधी येतोय," तो म्हणाला. "उडवून टाकू का? आन् मिशीची ही बाजू बी काळी करून देतो. आता समदं व्हतं कॉम्प्युटरवर, कुनाला कळायचं बी न्हाई."

मी म्हणालो, "नको."