थोरला असताना

किसन आबाला कधी काम सांगायचा नाही, हवेला सांगायचा. "मोठा पाना इकडं आला तर बरं होईल," असं भिंतीकडं बघून म्हणायचा, आणि त्याचा थोरला भाऊ आबासाहेब मुकाट्यानं पाना आणून द्यायचा. मी विजय, त्यांच्या गँगची गाडी चालवतो. कतारच्या इंडस्ट्रियल एरियात नमुने पुष्कळ पाहिले, पण असला नाही पाहिला बुवा!

दोघं करमाळ्याकडचे. बाप लवकर गेला, तेव्हा आबानं शाळा सोडून वडापची जीप धरली आणि धाकट्याला आयटीआय शिकवलं. किसन फिटर होऊन कतारला आला. पुढं जीप मोडीत निघाली, तसं त्यानंच आबाला इथं बोलावून घेतलं. आता आली का पंचाईत? थोरला हेल्पर आणि धाकटा त्याच्यावरचा फिटर! मग किसन आपल्या परीनं भरपाई करायचा. गाडीत पुढची सीट आबाची, जेवणात चांगला तुकडा आबाचा, सूक वाकिफच्या बाजारात गेला की डाळिंबं आधी आबाला.

आमच्यात अनोन नावाचा थाई वेल्डर आहे. हिंदी मोडकंतोडकं, पण गडी गप्पिष्ट. हे सगळं बघून एकदा डब्याच्या वेळी त्यानं पाकिटातून त्यांच्याकडची नोट काढली. तिच्यावर सिंहासनावर बसलेला राजा होता.

"राम खामहेंग. सातशे साल हो गया. किसन उसके जैसा है."

राम म्हटल्यावर आमचे कान टवकारले. अनोन सांगत गेला. एकोणीस वर्षांचं पोरगं, बापाचं सैन्य पळालं तरी हत्ती घेऊन शत्रूवर गेलं. मासा मिळो नाहीतर आंबट-गोड फळ, आधी बापाला नेऊन द्यायचं. बाप गेल्यावर थोरल्या भावाची तशीच सेवा केली. थोरला वारला तेव्हा कुठं राज्य याच्याकडं आलं. मग यानं वेशीच्या दारात घंटा टांगली. ज्याचं गाऱ्हाणं असेल त्यानं वाजवावी, राजा स्वतः ऐकणार.

"आपल्या लेबर कॅम्पात टांगली तर दोन दिवसांत दोरी तुटेल," मी म्हणालो. सगळे हसले. किसन मात्र नोटेकडं बघत बसला.

कारण मला ठाऊक होतं. आमचे इंजिनिअर देवव्रत साहेब त्याला फोरमन करणार होते. फोरमनला आमची कंपनी बायको-पोरांना आणायला परवानगी देते. लग्न झाल्यापासून त्याची बायको ममता गावी, लेक बापाला फोनवरच ओळखते. आणि हा शहाणा नाही म्हणायला निघालेला! का, तर फोरमननं हुकूम द्यायचा असतो, आणि आबाला हुकूम कसा द्यायचा?

परतताना गाडीत ममताचा फोन आला. बाई एवढी तापलेली की मलाही ऐकू आलं. "भावजींना काम सांगायला तोंड नाही, आणि मला येऊ नको म्हणायला आहे व्हय?"

किसननं फोन ठेवला. "विजय, राजासुद्धा थोरला असेतवर मागंच राहिला ना?"

माझं डोकंच फिरलं. "अरे, त्या राजाची बायको काय गावाकडं फोन धरून बसली होती?"

पुढच्या सीटवर आबा डोळे मिटून होता. झोपलाय असं आम्ही धरून चाललो.

दुसऱ्या दिवशी साहेब पंपरूममध्ये आले. "किसन, यल्ला, चल, हो की नाही ते सांग. आज विषय खलास करू."

"साहेब, मला नको, दुसऱ्या कुणाला..."

आबानं हातातली बादली खाली ठेवली आणि किसनसमोर येऊन उभा राहिला.

"त्या राजाचा थोरला मेला, मग त्याला राज्य मिळालं. तू माझ्या मरणाची वाट बघतोस का?"

"आबा! असं काय बोलता?"

"मग मी धडधाकट आहे तवर घे की. माझ्यापायी घरची सून तिकडं बसून राहिली, हे मला नाही सोसायचं. सांग मला काम. भिंतीला नको, मला सांग."

किसनचे डोळे भरले. साहेब खाली बघत होते.

"आबा," किसन पुटपुटला, "वरचा व्हॉल्व्ह बंद करा."

"जोरात सांग," आबा म्हणाला. "पंपाच्या आवाजात ऐकू येत नाही."

मग किसन ओरडून बोलला, आणि आबा शिडी चढला.