चाळीस अंशांतली रोपं

खाप्याची प्रयागबाई नागपुरातल्या एका कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात काचसामान धुवायची. १९८४ च्या मे महिन्यात कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा वास प्रयोगशाळेभर पसरला, की तिचे डोळे उघडेच असायचे, पण मन गावाकडच्या कन्हान नदीच्या काठानं फिरून यायचं.

अशाच एका दुपारी विभागात संशोधन करणाऱ्या गोपिका मॅडम म्हणाल्या, "सोयाबीनच्या रोपांचे चारही ट्रे दोन तास पंचेचाळीस अंशांच्या पेटीत ठेवा." कडक उष्णतेत कोणतं वाण तगतं, हे त्या तीन वर्षं शोधत होत्या. एकही तगत नव्हतं. प्रयागबाईनं तीन ट्रे ठेवले. चौथा, कोण जाणे कुठल्या तंद्रीत, शेजारच्या चाळीस अंशांच्या पेटीत सरकवला.

दोन तासांनी ध्यानात आलं. ती तशीच मॅडमपुढे जाऊन उभी राहिली.

"मॅडम, मी चुकली. एक ट्रे चाळीसमधेच राहून गेला."

"लक्ष कुठं असतं हो तुमचं?" मॅडम चिडल्या. मग सुस्कारा टाकून म्हणाल्या, "आता तोही दोन तास पंचेचाळीसमध्ये ठेवा. लिहून ठेवते मी तसं."

चौथ्या दिवशी तीन ट्रेंमधल्या रोपांनी माना टाकल्या होत्या. चुकीच्या ट्रेमधली ताठ उभी.

"वाण तर एकच आहे," मॅडम पुटपुटल्या. "आधी थोडी उष्णता दिली की रोपं तगतात, असं बाहेरदेशी दिसल्याचं वाचलं होतं मी. करून पाहायचं सुचलं नाही."

"काहून जगली जी ही?"

"पेशीत काही जनुकं झोपल्यासारखी असतात. सोसवेल इतकी उष्णता लागली की ती जागी होतात, रक्षण करणारी प्रथिनं बनवून घेतात. मग जास्त ताप आला तरी आतलं काम मोडत नाही. एकदम पंचेचाळीसमध्ये टाकलं, तर तयारीला वेळच मिळत नाही."

प्रयागबाई पानावर ओणवी झाली. त्या हिरव्या इवल्याशा खोल्यांमधून कोणीतरी डोळे चोळत उठतंय, कामाला लागतंय, असं तिला दिसायला लागलं. नळ वाहत होता, त्याचंही भान नव्हतं.

"अन् हे किती दिवस याद ठेवते?"

"थोडेच दिवस. मग विसरतात."

"मंग त्याईले मधामधात आठवण द्या लागन."

मॅडम हसल्या, आणि हसता हसता थांबल्या. पेन काढून त्यांनी तेच वाक्य वहीत लिहिलं. पुढचा अख्खा उन्हाळा दोघींनी त्यावर घालवला.

लेख छापून आला, तेव्हा शेवटच्या ओळीत आभार होते. मॅडमनी बोट ठेवून नाव दाखवलं. प्रयागबाई त्या अनोळखी अक्षरांकडे पाहतच राहिली.

"इंग्रजीत मी अशी दिसतो का वं माय!" ती स्वतःशीच म्हणाली.