वरच्या खोलीतली देशमुखीण

वांकिडीहून निघाले त्या दिवशी आसिफाबादची बस पाऊण तास उशिरा आली आणि तेवढ्या वेळात निम्मी वस्ती स्टँडवर जमली. कापूस वेचायला निघालेल्या बायका कमरेची ओटी तशीच बांधून उभ्या होत्या. वस्तीतली पोरगी सरकारी कचेरीत ज्युनिअर असिस्टंट होऊन हैदराबादला चालली होती, असं आधी कधी झालं नव्हतं. बाबा मजुरी बुडवून आले होते. आईनं माझ्या लोखंडी पेटीत सगळ्यात वर, साड्यांच्याही वर, जुन्या धोतरात गुंडाळलेल्या दोन तसबिरी ठेवल्या होत्या. एक बुद्धाची, एक बाबासाहेबांची. "खोली भेटली का पैले ह्या लाव, मंग चूल पेटव," ती म्हणाली. बस सुटताना सगळ्यांनी मोठ्यानं जयभीम घातला. मी खिडकीतून हात हलवला आणि हळूच मागं वळून पाहिलं, बसमधले लोक आपल्याकडे बघतात का.

रेल्वेत काजीपेठ यायच्या आत मी पेटी उघडून तसबिरी तळाशी घातल्या. काच फुटेल म्हणून, असं मी माझ्याच मनाला सांगितलं.

वांकिडीत राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखं निघून हैदराबाद, पुणे, दुबई गाठलेल्यांनो, आपल्या विहाराच्या पुस्तिकेत माझा फोटो छापणार आहात असं ऐकलं. वस्तीची पहिली नोकरदार मुलगी म्हणून. छापा, पण त्या फोटोखाली हेही छापा. मला सत्कार नको असं नाही, सत्कार कोणाला नको असतो. पण खरं कळल्यावरही करावासा वाटला तर करा.

हैदराबादेत मला खोली मिळाली ती एका निवृत्त मास्तरांच्या घरी, वरच्या मजल्यावर. मास्तरांच्या बायकोला आजूबाजूचे सगळे पिन्नीगारू म्हणत. पिन्नी म्हणजे मावशी, गारू हा आदराचा. बाई मायाळू होत्या, पण सोवळ्याच्या. खोली दाखवून झाल्यावर त्यांनी अगदी गोड आवाजात विचारलं, "मीरेंटोळ्ळु, अम्मा?" म्हणजे तुम्ही कोणातले.

आता तेलुगू मुलखाची एक सोय सांगते. आपल्या नदीपलीकडे महाराष्ट्रात आडनाव सांगितलं की पुढचं सांगावं लागत नाही. इकडे आडनाव नावाच्या आधी एका इंग्रजी अक्षरात मिटवून टाकतात. कचेरीच्या हजेरीवर मी होते डी. सुजाता. त्या 'डी'च्या मागे देवगडे आहेत की आणखी कोण, कोणाला काय कळणार? नुसतं 'आम्ही मराठी' म्हणून गप्प बसले असते तरी वेळ भागली असती. पण चोराच्या मनात चांदणं. मी न अडखळता म्हणाले, "देशमुख. आमची वांकिडीला शेती आहे."

शेती होती, हे खरं. फक्त ती देशमुखांची होती आणि आम्ही तिच्यात निंदायला जात होतो.

पिन्नीगारूंचा चेहरा खुलला. त्या दिवसापासून मी घरची झाले. सकाळी वर पप्पूची, म्हणजे वरणाची, वाटी यायची, तापात त्यांनीच माझ्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या. मी लक्ष्मीचं कॅलेंडर भिंतीला लावलं, शुक्रवारी केस धुऊन खाली आरतीला जाऊ लागले. त्यांच्या नातीचं अक्षराभ्यासम, म्हणजे पहिलं अक्षर गिरवण्याचा विधी, करायचं ठरलं तेव्हा त्या म्हणाल्या, बासरचं सरस्वतीचं देऊळ तर तुमच्याच जिल्ह्यात, तूच चल दाखवायला. मी जन्मात बासरला गेले नव्हते. तरी पुढं होऊन सगळ्यांना घेऊन गेले आणि दरवर्षी येत असल्यासारखी इकडून या, तिकडून या करत राहिले. पुजाऱ्यानं गोत्र विचारलं. माझ्या आधीच्या बाईनं काश्यप सांगितलं होतं, मीही तेच सांगितलं. गोदावरीच्या काठावर त्या पोरीच्या हाताला धरून तांदळात अक्षर काढवताना मला आठवलं, मी अक्षरं गिरवली ती विहाराच्या ओसरीवर, वस्तीतल्या दादांनी दिलेल्या अर्ध्या पाटीवर. आठवलं आणि मी ते झटकून टाकलं. इतकी वाकबगार झाले होते मी.

गावी गेले की मात्र पांढरी साडी नेसून पहिल्या रांगेत वंदनेला बसायची. पाली गाथा मला तोंडपाठ. दोन्हीकडे शाबासकी मिळत होती आणि मी ती दोन्हीकडे घेत होते.

असं तीन वर्षं चाललं. मग आईच्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला आणि ऑपरेशनसाठी ती हैदराबादला आली. स्टेशनातून घरी येताना, रिक्षात, मी तिला म्हणाले, "आई, घरमालकिणीला जयभीम म्हणू नको."

"काऊन?"

"जुन्या वळणाचे लोक आहेत." मग, बाहेर बघत, "आपण इथं देशमुख आहोत."

आईनं मांडीवरची पिशवी सरळ केली. मग तिनं एवढंच विचारलं, "तुह्या बापाले सांगतलं का हे?"

आई नवी नवरी असताना सासऱ्यांच्या मागोमाग चांद्याला दीक्षेला गेली होती, काही वाट बैलगाडीनं, काही पायी. तेव्हापासून तिनं कुठल्या मूर्तीपुढं हात जोडलेले कोणी पाहिले नव्हते. अंगणासमोरून कोणाची पालखी गेली तर ती बाजूला उभी राहायची, कोणाला बोल लावायची नाही, पण हात पदराखाली ठेवायची. हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून मी तिला त्या घरात आणलं.

ऑपरेशनला तीन दिवस होते आणि मधे श्रावणातला वरलक्ष्मीचा शुक्रवार आला. तेलुगू घरांत त्या दिवशी सवाष्णींना बोलावून त्यांच्या पायांना हळद लावतात, पानसुपारी, खण, भिजवलेले हरभरे देतात. पिन्नीगारू वर येऊन आईला हाताला धरून खाली घेऊन गेल्या. पाटावर बसवलं. आणि पितळी वाटीतली हळद घेऊन स्वतः खाली बसल्या, आईच्या पायांना लावायला. आईचे पाय म्हणजे तुम्हाला माहीत आहेत कसे ते, टाचांना भेगा, बोटं फाकलेली. ती पाय मागं घेत होती आणि पिन्नीगारू हसत हसत पुढं ओढत होत्या. त्यांना वाटलं, मोठ्या घरची बाई, संकोचते आहे.

मग कलशावर देवीचा चांदीचा मुखवटा होता, तिकडे हात करून त्या आईला म्हणाल्या, पेद्दम्मा, तुम्ही सगळ्यांत मोठ्या, पहिलं फूल तुमच्या हातचं. खोलीत सात-आठ बायका होत्या. आईनं माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं, ती मला विचारत होती.

मी मान हलवली. हो म्हणून.

आईनं फूल वाहिलं आणि हात जोडले.

वर आल्यावर ती खाटेवर बसली नाही, जमिनीवर बसली. पायांची हळद तशीच होती. मला वाटलं ती रागवेल, दीक्षेचं काही बोलेल, आणि त्यावर काय उत्तर द्यायचं ते मी जिन्यातच ठरवलं होतं. पण ती म्हणाली, "देवीपुढं हात जोडले त्याचं मी घरी जाऊन पाहीन. पन त्या बाईनं माह्या पायाले हात लावला, सुजे. देशमुखीन समजून लावला. तिले फसवलं आपन. तिचं खाऊन राह्यली तू, अन् तिलेच फसवून राह्यली."



तसबिरी कुठं आहेत, तिनं विचारलं. मी पेटीच्या तळातून काढून दिल्या. तिला वाटतंय त्या लावाव्यात, असं समजून मी खिळा शोधायला उठले. तिनं पदरानं काचा पुसल्या आणि पुन्हा त्याच धोतरात गुंडाळल्या. "राहू दे. तुनं इथं आपलंच नाव नाई सांगतलं, यायले कुठं लावतं?" आणि तिनंच त्या पेटीच्या तळाशी ठेवून दिल्या.

ऑपरेशन नीट झालं. आई गावी गेली. महिनाभरानं भावाचं पत्र आलं. पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर आई उभी राहिली होती. सगळ्यांसमोर म्हणाली, "मी हैदराबादेत एका बाईशी खोटं बोलली. मले पंचशील पुन्हा पाहिजे." कोणीतरी विचारलं, काय खोटं बोलली, काकू? ती म्हणाली, बोलली म्हणजे बोलली. माझं नाव तिनं घेतलं नाही. मग सगळ्या वस्तीनं तिच्याबरोबर पुन्हा पंचशील म्हटलं. भावानं खाली लिहिलं होतं, आईनं एवढं काय केलं तुझ्याकडे? वांकिडीकरांनो, तुम्हीही त्या दिवशी तिथं असाल. तुम्ही जे ऐकलंत ते खोटं माझं होतं.

ते पत्र वाचून मला स्वतःची इतकी लाज वाटली की दोन दिवस मी पप्पूची वाटी घ्यायला दार उघडलं नाही. चौथं शील खोटं न बोलण्याचं. लहानपणापासून पाढ्यासारखं म्हणत आले होते. पण माझ्या लेखी धम्म म्हणजे आपली ओळख होती, दाखल्यासारखी. जिथं उपयोगाची तिथं काढायची, जिथं अडचणीची तिथं पेटीत. माझी निरक्षर आई धम्माला समोरच्या माणसाशी कसं वागायचं, एवढ्यावर मोजत होती. आणि ते समोरचं माणूस सोवळ्याचं असलं, तिला कमी लेखणारं असलं, तरी मोजत होती. मी कोण, ह्याचं उत्तर मी आडनावात शोधत होते. देवगडे म्हणू की देशमुख म्हणू. खरं उत्तर पत्रात होतं: मी आईच्या आड लपणारी बाई होते.

हे कळून लगेच खाली गेले असते तर बरं झालं असतं. गेले नाही. आज त्यांच्याकडे पाहुणे आहेत, उद्या महिनाअखेरीचं काम आहे, असं करत अकरा दिवस घालवले. बाराव्या दिवशी पिन्नीगारू गच्चीत वडियालु, म्हणजे आपले सांडगे, घालत होत्या. मी बाजूला बसले आणि सांगितलं. देवगडे. बौद्ध. आधी महार. वांकिडीला शेती नाही, मजुरी. बासरला सांगितलेलं गोत्र खोटं.

त्यांचा हात थांबला नाही. ओळ पूर्ण केली. मग म्हणाल्या, "म्हणून पाय मागं घेत होत्या त्या." पुढची ओळ घालायला घेत विचारलं, "त्यांना माहीत होतं, तू काय सांगितलंस ते?" मी हो म्हणाले. "आणि तरी तुझ्यासाठी हात जोडले," त्या म्हणाल्या, मला नव्हे, सांडग्यांना सांगितल्यासारखं.

संध्याकाळी मास्तर वर आले. पुतण्या शिकायला येणार आहे, खोली लागेल. पुतण्या काही आला नाही. खोली पुढं दोन महिने रिकामी होती, कचेरीला जाता येता मला दिसायची. निघताना पिन्नीगारूंनी लिंबाच्या लोणच्याची बरणी आणली आणि पायरीवर ठेवली. हातात दिली नाही. माझे दोन्ही हात सामानानं भरलेले होते, म्हणूनही असेल. ह्याचा मी दोन्ही बाजूंनी विचार केला आहे आणि अजून निकाल लागलेला नाही. त्यांच्यावर रागावण्याचा हक्क मात्र मी माझ्या हातानं घालवला होता. पहिल्याच दिवशी खरं सांगून त्यांनी नाही म्हटलं असतं, तर लाज त्यांची असती.

पुढची दोन घरं नाव सांगितल्यावर मिळाली नाहीत. तिसरं मिळालं. तिथं आधी तसबिरी लागल्या, मग चूल पेटली.

वर्षभरानं आई दुसऱ्या डोळ्यासाठी आली. रिक्षातून उतरली, जिना चढली आणि दारात थांबली. चपला काढेना. मी आतून म्हणाले, आई, ये ना. ती तिथंच उभी राहून, आवाज खाली करून म्हणाली, "इथं मालकाले माहीत हाय ना, आपन कोन ते?"

"हो आई. सगळं सांगितलंय."

मग तिनं चपला काढल्या.

आता मी निवृत्त झाले. स्वतःचा फ्लॅट आहे, दारावर आडनाव पूर्ण अक्षरांत आहे. आई जाऊन बरीच वर्षं झाली. कोणी अनोळखी माणसानं पूर्ण नाव विचारलं तर माझी जीभ अजूनही पळभर अडते. सांगते मी, पण अडते, आणि ते मला कळतं. वांकिडीला आलं की तुम्ही विचारता, आता तुझं घर कोणतं, इथलं की तिथलं? मला ते गावावरून ठरवता येत नाही. ज्या घरात शिरताना माझ्या आईला दारात उभं राहून 'मालकाले माहीत हाय ना' असं आधी विचारावं लागणार नाही, ते माझं घर. तसं मी तिला एकच दिलं, आणि तिथंही त्या पहिल्या दिवशी तिला विचारावं लागलंच.