दुसऱ्या दिवशीचा बुडबुडा

नळीत बुडबुडा आला होता. दुसऱ्या दिवशी आला, पण आला होता. एवढं सांगायला मला तीसेक वर्षं लागली.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. पाणी तपासायची प्रयोगशाळा भाड्याच्या तीन खोल्यांत होती, आणि पाटीचा रंग अजून हाताला लागायचा. नांदेडला सूक्ष्मजीवशास्त्र शिकून मी तिथं तंत्रज्ञ म्हणून लागलो. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. गावोगावच्या विहिरींचं पाणी बाटल्यांतून यायचं. जांभळ्या रसाच्या नळ्यांत ते घालायचं आणि नळ्या उबेच्या पेटीत ठेवायच्या. प्रत्येक नळीत एक बारकी नळी उलटी बुडवलेली असते. पाण्यात मैल्यातले जंतू असले तर रस पिवळा पडतो आणि त्या उलट्या नळीत बुडबुडा साठतो. एका दिवसानं बघायचं. काही दिसलं नाही, तर परत पेटीत ठेवून दुसऱ्या दिवशी बघायचं आणि मगच 'पिण्यास योग्य' लिहायचं.

त्या उन्हाळ्यात आमच्या गावातल्या तिन्ही विहिरी आटल्या. टिकली ती एकच, आमच्या बौद्धवाड्यातली. टँकर यायचा, पण त्याचा भरवसा नव्हता. वाड्यातल्या विहिरीवर इंजिन बसवून सगळ्या गावाला पाणी द्यावं असं निघालं, तशी काही जणांनी कुजबुज सुरू केली. ते पाणी चांगलं न्हाई, ढाळ लागतात म्हणे. त्यांना काय म्हणायचं होतं ते लहान पोरालाही कळत होतं. ग्रामसेवक म्हणाले, पाणी तपासून आणा, सभेत कागद वाचू, भांडण मिटंल.

माझी आत्या विहिरीला लागूनच राहायची. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं होतं. मी बाटली भरत होतो, ती कमरेवर हात ठेवून उभी होती.

"काय बघून राहिलास एवढं बाटलीत?"

"जंतू असे दिसत न्हाईत आत्या. उगवावे लागतात."

"उगव मग. औंदा तेवढं तरी उगवंल." हसली, आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, "आपल्या तोंडाचं कोण ऐकतंय, बाबा. कागद आण. कागदाला शिवाशिव नसती."

एका दिवसानं पेटी उघडली. पाचही नळ्या स्वच्छ जांभळ्या. सभा दुसऱ्या दिवशी सकाळी होती आणि गावाकडची शेवटची एसटी संध्याकाळची. मी नळ्या परत पेटीत ठेवल्या आणि कागद लिहून टाकला. साहेबांनी सही करताना चष्म्यावरून बघितलं.

"अठ्ठेचाळीस तास झाले ना रे?"

"हाव साहेब."

खोटं बोलतोय असं तेव्हा वाटलंसुद्धा नाही. ते पाणी चांगलं असण्याची मला फार गरज होती.

सभेत कागद वाचला गेला. पाणी प्यायला कुणी पुढं येईना. मग पाटलांची म्हातारी आई म्हणाली, "आणा की मग तांब्या. का कागदच प्यायचा हाय?" आत्यानं विहिरीवरून तांब्या भरून आणला आणि म्हातारी सगळ्यांदेखत प्याली. मला एसटीपर्यंत सोडायला आली तेव्हा आत्या एवढंच म्हणाली, "अर्धा तांब्या पिली. मी बघून राहिले होते."

त्याच दुपारी लातूरला येऊन मी पेटी उघडली. पाचातल्या दोन नळ्या पिवळ्या पडल्या होत्या. दोन्हींत बुडबुडा.

विहिरीत टीसीएल, म्हणजे जंतू मारायची पावडर, टाकली असती तरी भागलं असतं. आरोग्य केंद्राला एक फोन, त्यांचं एका सकाळचं काम. पण उद्या गाव काय म्हणेल ते मला ऐकू यायला लागलं होतं: आम्ही म्हणत नव्हतो? नोकरीचीही भीती होती, तेही लपवत नाही. मी नळ्या उकळल्या, मोरीत ओतल्या, घासून पालथ्या घातल्या.

विहिरीवर इंजिन बसलं, सगळं गाव ते पाणी भरू लागलं, आणि आठवड्याभरात गावाला हगवण लागली. शाळेत बाजा टाकून सलाईन लावली होती. सगळ्यांचा राग टँकरवर. पावडरही टँकरमध्ये आणि टँकर रिकामा व्हायचा त्या टाकीत पडली. विहिरीकडं कुणी गेलं नाही, तिचा कागद होता. निरोप मिळून मी पोचेस्तोवर आत्या गेली होती. माती झाल्यावर मी प्रयोगशाळेतून आणलेली टीसीएल विहिरीत टाकली. कुणी विचारलं तर म्हणालो, खबरदारी म्हणून. चार दिवसांत साथ थांबली. टँकर सुधारला, असं गाव म्हणालं.

पुढं मी नांदेडला कॉलेजात शिकवायला लागलो. वाढीचा धडा माझ्याकडंच असायचा. जंतूला अन्नाची चणचण आतूनच कळते. प्रथिनं बांधणारी त्याची यंत्रं कच्च्या मालावाचून रिकामी अडकली, की तो एक बारकासा रेणू तयार करतो. त्या खुणेनं नवी यंत्रं बांधणं थांबतं, वाढ मंदावते, कधीकधी जवळजवळ बंदच होते. विहिरीच्या उपाशी पाण्यात तो असाच थिजून बसतो. त्याला एकदम रसात टाकलं तरी लगेच वाढत नाही. आधी खूण ओसरते, मग यंत्रं पुन्हा उभी राहतात, मग कुठं दुप्पट होणं सुरू होतं. म्हणून तर दुसरा दिवस. हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो, नि वर्गाकडं पाठ असायची म्हणून बरं वाटायचं. गेल्या वर्षी एका मुलीनं विचारलं, "सर, पहिल्याच दिवशी कुणी रिपोर्ट दिला तर?" मी तास लवकर सोडला.

त्या रविवारी गावी गेलो. आतेभाऊ आता विहाराची देखभाल करतो. आत भिंतीवर तो कागद काचेत लावलेला आहे. माझंच अक्षर. नमुना घेतल्याची तारीख आणि खाली अहवालाची, दोन्हींत एकाच दिवसाचा फरक. इतकी वर्षं उघड्यावर टांगलेलं होतं.

मी त्याला सगळं सांगितलं. नळ्या, साहेब, बुडबुडा, मोरी.  मग खिळ्यावरून चौकट काढून त्यानं उपरण्यानं काच पुसली.

"टँकरचं नको म्हणायची आई," तो म्हणाला. "आपलं दे म्हणायची, कागदाचं. शाळेत तिच्या बाजेपाशी मीच बसलो होतो दादा. मीच पाजत होतो."

मला वाटलं होतं, सांगितलं की माझं हलकं होईल. ते कुणाच्या अंगावर जाईल याचा विचार मी याही वेळी केला नव्हता.

चौकट मांडीवर घेऊन तो खाली बसला. मी पाणी मागितलं नाही, त्यानंही विचारलं नाही.